‘हेन्रिकस रेक्स’ म्हणजे कोणता हेन्री? आधी नाणं उलटं करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेस्टरमधल्या एका नाणेमेळ्यात तुम्ही चांदीचं एक छोटं नाणं घेतलंत. पाकिटावर ‘पेनी, दुसरा हेन्री’ एवढंच लिहिलेलं होतं. घरी वजन केलंत तर १.३१ ग्रॅम भरलं, व्यास १८ मिलिमीटर. पुढच्या बाजूला मुकुट घातलेला चेहरा, हातात राजदंड आणि भोवती ‘हेन्रिकस रेक्स’, म्हणजे ‘राजा हेन्री’. मागे दुहेरी रेघेचा आखूड क्रॉस, त्याच्या चारही कोनांत चार-चार ठिपक्यांची फुलं, आणि कडेने ‘विलेल्म ... ऑन लुन’. हा हेन्री दुसराच कशावरून, नाणं खरं का, आणि पुढे हा छंद वाढवायचा तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. फोटोंवरून माझं मत असं की नाणं अस्सल आहे, पण ते दुसऱ्या हेन्रीचं नाही. ते कुठल्याच हेन्रीचं नाही. ते जॉन राजाच्या राजवटीतलं आहे, १२०५ ते १२१० च्या दरम्यान लंडनला पाडलेलं. मॅग्ना कार्टावर ज्याला मोहोर उठवावी लागली तोच हा जॉन. इंग्लंडमध्ये त्याने स्वतःच्या नावाची एकही पेनी पाडली नाही. त्याचं नाव वाचायचं असेल तर आयर्लंडची नाणी पाहावी लागतात. त्याचा भाऊ रिचर्ड, ज्याला आपण सिंहहृदयी म्हणतो, त्याचंही तेच. फ्रान्समधल्या त्याच्या मुलखात त्याच्या नावाची नाणी आहेत, इंग्लंडमध्ये नाहीत.

हे असं का झालं? दुसऱ्या हेन्रीने ११८० मध्ये देशातलं चलन नव्याने पाडायला घेतलं. आधीची, म्हणजे ११५८ पासूनची नाणी फार ओबडधोबड होती. त्यांना संग्राहक टील्बी पेनी म्हणतात, कारण लिंकनशायरमधल्या टील्बी गावी १८०७ मध्ये त्यांचा मोठा साठा सापडला. त्यातली पाच हजारांहून अधिक नाणी तेव्हा सरळ वितळवून टाकली. ही ओळ लिहितानाही मला वाईट वाटतं. तर ११८० मध्ये राजाने फ्रान्समधल्या तूर शहरातून फिलिप आयमेरी नावाच्या कारागिराला बोलावून नवं नाणं घडवून घेतलं. हा गृहस्थ लवकरच लबाडीच्या आरोपावरून परत गेला, पण त्याने घालून दिलेलं रूप टिकलं. लोकांचा त्या नाण्यावर विश्वास बसला, परदेशी व्यापारीही ते घेऊ लागले. मग ११८९ मध्ये हेन्री वारला तेव्हा रिचर्डने नाणं बदललं नाही, ११९९ मध्ये जॉननेही बदललं नाही, आणि १२१६ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या हेन्रीला तर नाव बदलायची गरजच नव्हती. १२४७ पर्यंत चार राजे झाले आणि चौघांच्या नाण्यांवर एकच नाव राहिलं.

हे कोडं एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणाला सुटलं नव्हतं. ही सगळी नाणी एकट्या दुसऱ्या हेन्रीची की एकट्या तिसऱ्याची, यावर विद्वानांत वाद चालायचे. १८६३ मध्ये नाण्यांचे अभ्यासक लाँगस्टाफ यांनी मांडलं की ही नाणी मधल्या दोन्ही राजांच्या काळात सलग पाडली गेली असावीत. पुढच्याच वर्षी मँचेस्टरजवळ एक्लेस इथे सहा हजारांहून अधिक पेनींचा साठा निघाला, आणि १८६५ मध्ये जॉन इव्हान्स यांनी तो अभ्यासून या नाण्यांचे पाच वर्ग पाडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉरेन्स यांनी ते आठवर नेले. आज आपण ‘शॉर्ट क्रॉस (म्हणजे आखूड क्रॉस), वर्ग पाच’ असं सहज म्हणतो, त्यामागे हे सगळं आहे.

म्हणून नवशिक्याला मी पहिली गोष्ट सांगतो ती अशी: राजाचं नाव सगळ्यात शेवटी वाचा. आधी नाणं उलटं करा. मागच्या बाजूवर काळ लिहिलेला असतो, पुढच्या बाजूवर फक्त दावा असतो.

मागचा क्रॉस पाहिला की सव्वातीनशे वर्षांचा पसारा एकदम आटोक्यात येतो. क्रॉसच्या भुजा पोकळ, म्हणजे दोन समांतर रेघांच्या, पण आखूड आणि अक्षरांच्या आतल्या वर्तुळातच थांबणाऱ्या असतील, कोनांत चार ठिपक्यांची फुलं असतील, तर ११८० ते १२४७. भुजा पोकळच पण नाण्याच्या काठापर्यंत गेलेल्या आणि कोनांत तीन-तीन ठिपके असतील तर १२४७ ते १२७९, याला लाँग क्रॉस म्हणतात. भुजा लांब पण भरीव, एकाच जाड पट्टीच्या, आणि कोनांत तीन ठिपके असतील तर १२७९ नंतरचं. हे शेवटचं रूप जवळजवळ सव्वादोनशे वर्षं, सातव्या हेन्रीच्या काळापर्यंत चाललं. हे तीन क्रॉस एका कागदावर स्वतःच्या हाताने काढा. मोबाइलवर फोटो साठवून जे डोक्यात राहत नाही ते हाताने काढलं की राहतं.

क्रॉसनंतर मागचा लेख. तो वरच्या छोट्या क्रॉसपासून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. १२७९ पर्यंत त्यात एका माणसाचं नाव, मग ‘ऑन’, मग गावाचं नाव असतं. हा ‘ऑन’ जुन्या इंग्रजीतला, अर्थ ‘इथे’. म्हणजे तुमच्या नाण्यावर ‘विलेल्म, लंडन इथे’ असं लिहिलंय. हा विलेल्म टाकसाळ चालवणारा कंत्राटदार. आपल्याकडे टाकसाळे हे आडनाव ज्या कामावरून पडलं, साधारण तेच काम. राजाचा ठसा त्याच्याकडे असायचा, चांदीचा कस आणि वजन ही त्याची जबाबदारी, आणि नाणं हलकं निघालं तर नाव त्याचंच पुढे यायचं. ही जबाबदारी नावापुरती नव्हती. पहिल्या हेन्रीच्या काळात, ११२४ च्या नाताळानंतर, देशभरच्या टाकसाळवाल्यांना विंचेस्टरला बोलावून खोट्या चांदीबद्दल त्यांचे उजवे हात तोडले आणि त्यांना खच्ची केलं, अशी नोंद त्या काळच्या बखरीत आहे. नाण्याच्या मागच्या बाजूवरचं ते नाव मी वाचतो तेव्हा मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि ओळखायलाही हेच नाव सगळ्यात जास्त कामाला येतं. राजाचं नाव सदुसष्ट वर्षं बदललं नाही, पण टाकसाळवाले येत-जात राहिले. कोण कुठल्या गावी कुठल्या वर्गात होता याच्या याद्या तयार आहेत. उदाहरणार्थ लंडनचा इल्गर सातव्या वर्गातल्या, म्हणजे तिसऱ्या हेन्रीच्या नाण्यांवर भेटतो. गावंही तशीच. १२०५ मध्ये काठ कातरलेली जुनी नाणी मोडून नवी पाडायला जॉनने सोळा टाकसाळी चालवल्या. त्यात चिचेस्टर, रॉचेस्टर, किंग्ज लिन, इप्सविच अशी गावं आहेत. तिसऱ्या हेन्रीच्या काळात हा पसारा आवरला आणि बहुतेक काम लंडन, कँटरबरी आणि बरी सेंट एडमंड्सवर आलं. म्हणजे मागे चिचेस्टर दिसलं तर पुढचा चेहरा न बघताही काळ बराच अरुंद होतो.

आता चेहरा. शॉर्ट क्रॉसच्या पहिल्या वर्गात तो नीट कोरलेला असतो, मुकुटावर पाच मोती आणि केसांच्या कुरळ्या बटा दोन्ही बाजूंना असमान, बहुधा डावीकडे दोन आणि उजवीकडे पाच. पुढच्या तीन वर्गांत कोरीवकाम उतरत जातं. चौथ्या वर्गात तर चेहरा शाळकरी मुलाने काढल्यासारखा दिसतो. मग १२०५ ला पाचवा वर्ग सुरू होतो आणि एकदम नीटनेटकेपणा येतो. या वर्गाची खूण म्हणजे केसांच्या प्रत्येक वळणात एक ठिपका बसवलेला. तुमच्या फोटोत तो ठिपका डाव्या बाजूला दोन ठिकाणी स्पष्ट आहे. याच वर्गाच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ‘एस’ उलटा कोरलेला सापडतो. तुमच्यावर तो सुलटा आहे, म्हणून अगदी पहिल्या काही महिन्यांतलं नाही. ठिपके सहाव्या-सातव्या वर्गातही राहतात, पण सहाव्यात अक्षरं उंच आणि सडपातळ होतात आणि सातव्यात चेहरा पुन्हा उतरतो. तुमची अक्षरं मध्यम उंचीची आहेत. यावरून मी पाचव्यावर आलो.

अक्षरं वाचताना सुरुवातीला सगळेच अडखळतात. ‘ई’ गोल असते, ती ‘सी’ वाटते. ‘एच’ छोट्या लिपीतल्यासारखा असतो. ‘डब्ल्यू’ म्हणजे एकमेकांवर चढलेले दोन ‘व्ही’. ‘यू’ वेगळा नाहीच, तिथेही ‘व्ही’. ठसा बनवण्याची पद्धत कळली की वाचणं सोपं जातं. कारागीर अक्षर कोरत नसे. त्याच्याकडे पोलादाच्या काही छोट्या छिन्न्या असत, एक सरळ दांडी, एक चंद्रकोर, एक पाचर, आणि तो त्या ठोकून अक्षर जुळवायचा. हे एकदा कळलं की नाण्यावरच्या अक्षरांचे तुकडे दिसायला लागतात, आणि अर्धवट अक्षर पुरं करता येतं.

नाणं पाडायची पद्धतही सांगून ठेवतो, कारण दोष आणि नुकसान यातला फरक तिच्यावर ठरतो. चांदी ओतून, ठोकून पातळ करायची, तिच्या चकत्या कापायच्या. खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात रोवलेला, त्याच्यावर राजाचा चेहरा. वरचा ठसा हातात धरायचा, त्याच्यावर क्रॉस. मधे चकती ठेवून वर हातोडा. वरचा ठसा हातोड्याचा मार खातो, म्हणून तो लवकर झिजतो, आणि एका खालच्या ठशाबरोबर साधारण दोन वरचे दिले जात. फटका तिरका बसला तर एका बाजूची अक्षरं पुसट उठतात. हात हलून दुसरा फटका बसला तर चेहऱ्याला दोन नाकं दिसतात. हे सगळं नाण्याच्या जन्माचं आहे, त्यामुळे किंमत थोडी कमी होते पण नाणं ‘खराब’ ठरत नाही. शिवराई जमवलेल्यांना हे सांगावं लागत नाही. तिथे तर चकतीपेक्षा ठसा मोठा असल्यामुळे ‘श्री राजा शिव’ मधलं एखादं अक्षर हमखास बाहेर पडतं, आणि आपण उरलेल्यावरून वाचतो. इंग्लंडच्या पेनीत ठसा चकतीवर बहुतेक मावतो, तेवढं काम सोपं.

कातरणं मात्र नुकसान आहे. लोक काठाची चांदी कात्रीने कापून ठेवायचे आणि नाणं पुढे खपवायचे. आखूड क्रॉस असल्यामुळे किती कापलं ते चटकन कळायचं नाही. १२४७ मध्ये क्रॉस काठापर्यंत नेला तो याचसाठी: चारही टोकं दिसली पाहिजेत. त्याच लाँग क्रॉसवर इंग्लंडच्या नाण्यांत पहिल्यांदा राजाचा क्रमांक आला, ‘तेर्ची’ किंवा तीन उभ्या रेघा, म्हणजे तिसरा. पुढे हा शहाणपणा कुणी चालू ठेवला नाही. सुमारे सव्वादोनशे वर्षं एकाही राजाच्या नाण्यावर क्रमांक नाही, तो थेट सातव्या हेन्रीच्या, एका बाजूने दिसणारा चेहरा असलेल्या नाण्यांवर परत येतो. लाँग क्रॉसमध्ये आणखी एक सोपी खूण: पहिल्या तीन वर्गांत राजाच्या हातात राजदंड नाही, चौथ्या-पाचव्यात आहे.

अर्धी किंवा पाव कापलेली पेनी दिसली तर ती तुटलेली समजू नका. १२७९ पर्यंत सुटे पैसे म्हणजे हेच होते. पोकळ क्रॉसच्या मधल्या रेघेवरून पेनी सरळ कापायची. या कापीव नाण्यांना बाजारात कमी भाव असतो, आणि नवशिक्यासाठी ती फार चांगली. कुणाच्या तरी हातात रोज गेलेला पैसा आहे तो.

वजनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तो माझा आवडता भाग आहे आणि आपल्याकडच्या मापांनी तो विलक्षण सोपा होतो. माझे आजोबा सराफी पेढीवर होते, तोळा-मासा-गुंज मी पाढ्यांसारखे शिकलो. इथे आल्यावर इंग्लंडची वजनं ग्रेनमध्ये वाचताना लक्षात आलं की इंग्रजी आमदानीतला १८० ग्रेनचा, बारा माशांचा तोळा धरला तर एक मासा, म्हणजे आठ गुंजा, बरोबर १५ ग्रेनचा. मग हिशेब असा बसतो. पहिल्या एडवर्डपर्यंतची पेनी साधारण दीड मासा, म्हणजे १.४५ ग्रॅमच्या आसपास. १३५१ मध्ये तिसऱ्या एडवर्डने ती १८ ग्रेनवर आणली, एक मासा आणि वर दीड गुंजेहून किंचित जास्त. १४१२ मध्ये चौथ्या हेन्रीने ती १५ ग्रेनवर आणली, म्हणजे नेमका एक मासा. १४६४ मध्ये चौथ्या एडवर्डने १२ ग्रेनवर, साडेसहा गुंजांच्या आत. कस मात्र या सगळ्या काळात जवळजवळ हललाच नाही, हजारात ९२५ चांदी. कसाला हात घातला तो आठव्या हेन्रीने, १५४४ नंतर, आणि तेव्हा नाकाच्या शेंड्यावरून तांबं दिसायला लागलं. म्हणून मध्ययुगीन पेनीचं वजन म्हणजे जवळजवळ तारीखच असते. तुमचं १.३१ ग्रॅम दीड माशापेक्षा किंचित कमी आहे, आठशे वर्षांची झीज आणि काठाला थोडी कात्री धरली तर अगदी बरोबर. शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या, फार महाग नसतो. या छंदात भिंगानंतर त्याचाच नंबर.

एडवर्डांचा गुंता हेन्रींइतकाच आहे, पण त्यात मी तुम्हाला आज फार खोल नेत नाही. १२७९ ला पहिल्या एडवर्डने टाकसाळवाल्यांची नावं काढून टाकली आणि मागे फक्त शहर ठेवलं, ‘चिवितास लंडन’, ‘चिवितास कँटोर’, ‘व्हिला ब्रिस्टोली’ असं. एकट्या बरी सेंट एडमंड्सला रॉबर्ट द हॅडली हे नाव काही काळ राहिलं. पुढच्या बाजूला ‘ई डी डब्ल्यू’ आणि लगेच ‘आर’ असेल तर बहुधा पहिला एडवर्ड, ‘ई डी डब्ल्यू ए’ असेल तर त्याची शेवटची वर्षं किंवा दुसरा एडवर्ड. ‘बहुधा’ म्हटलं कारण १३४४ नंतरच्या तिसऱ्या एडवर्डच्या काही पेनींवरही आखूड रूपच येतं. तिथे पुन्हा वजन, मुकुटाच्या पाकळ्या आणि अक्षरांचे आकार पाहायचे. डरहॅमला बिशपांची टाकसाळ होती, तिथे प्रत्येक बिशपची आपली खूण. बिशप केलॉच्या नाण्यांवर क्रॉसची एक भुजा बिशपच्या दंडासारखी वाकलेली असते, बोमाँच्या नाण्यांवर सिंह असतो. अशी खूण असेल तर काळ काही वर्षांच्या आत बसतो.

याच काळात परदेशी नकला मिसळल्या. आजच्या बेल्जियम-लक्झेंबर्गच्या भागातल्या छोट्या सरदारांनी इंग्लंडच्या पेनीसारखी दिसणारी, पण हलकी नाणी पाडून पाठवली. कितीकांवर मुकुटाऐवजी गुलाबांची माळ असते, तिथे लगेच ओळखा. लक्झेंबर्गच्या जॉनने तर आपलं नाव ‘ईवानेस’ असं कोरलं, भुर्रकन पाहिलं तर ‘एडवर्डस’ वाटावं म्हणून. हा प्रकार इतका वाढला की १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्यात ‘लश्बर्ग’ नावाने ही नाणी देशात आणणं गुन्हा ठरवलं. आज ती स्वतंत्रपणे जमवली जातात, आणि मला विचाराल तर स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टींत सर्वात रंजक आहेत.

१३५१ पासून ग्रोट, म्हणजे चार पेनींचं मोठं नाणं नियमित येऊ लागलं. मागे दोन ओळींत लेख, बाहेर ‘पोसुई देउम’ अशी प्रार्थना, आत शहर. तिसऱ्या एडवर्डचा ग्रोट हातात आला तर पुढच्या लेखात फ्रान्सचं नाव शोधा. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहानंतर त्याने फ्रान्सच्या राजेपणाचा दावा नाण्यावरून काढला, १३६९ ला पुन्हा चढवला. नाव नसेल तर मधल्या आठ वर्षांतलं. पंधराव्या शतकातले हेन्री, चौथा, पाचवा, सहावा, हे पुन्हा एकाच नावाखाली आहेत. त्यात चौथ्याची नाणी दुर्मिळ, सहाव्याची भरपूर. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅलेच्या टाकसाळीतला सहाव्या हेन्रीचा ग्रोट, गळ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक कडी असलेला, हा बहुतेकांचा पहिला ग्रोट असतो. माझाही तोच होता.

खरं-खोटं. आपल्याकडे रुपया वाजवून घ्यायची पद्धत होती, ‘खणखणीत नाणं’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. पेनीच्या बाबतीत ते करू नका. अर्धा मिलिमीटर जाडीची जुनी चांदी जमिनीत राहून ठिसूळ झालेली असते, फरशीवर टाकली तर दोन तुकडे होतील. त्याऐवजी वजन, मग काठ. ओतीव नकलेचा काठ गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा असतो, कधी साच्याचा जोड दिसतो, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे हवेचे खड्डे असतात. हातोड्याच्या नाण्यात चांदी काठाकडे पसरलेली दिसते, अक्षरांच्या मुळाशी धातू ओढल्याच्या रेषा दिसतात. संग्रहालयांच्या दुकानातल्या प्रतिकृतींवर कधी ‘डब्ल्यू आर एल’ अशी बारीक अक्षरं असतात, तीही शोधा.

सर्वात पक्का पुरावा मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याकडून तिसऱ्या रिचर्डचा ग्रोट घेतला होता, दोन महिन्यांची बचत त्यात गेली. काठाला दोनच्या ठिकाणी बारीक भेग, हनुवटीखाली एक ओरखडा. दीड वर्षाने दुसऱ्या शहरात, दुसऱ्या माणसाच्या पेटीत तोच ग्रोट दिसला. तीच भेग, तोच ओरखडा, आणि माझा तर माझ्या घरी कपाटात होता. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण भेग आणि ओरखडा एक असू शकत नाही. दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली होती. तेव्हापासून महाग नाणं घेण्याआधी मी जुन्या लिलावांचे फोटो पाहतो, त्याच जखमा आणखी कुठे दिसतात का म्हणून. तुमच्या नाण्याच्या काठाला वर उजवीकडे जी ताणाची भेग आहे ती मी अशीच तपासली, जुळी सापडली नाही. शिवाय आतली चांदी भेगेत दाणेदार दिसते, हे जुन्या चांदीचं लक्षण आहे.

आता कळकळीची विनंती. नाणं घासू नका. दिवाळीआधी चांदीची भांडी रांगोळी, चिंच नाहीतर टूथपेस्टने लख्ख करायची सवय आपल्या हातात आहे, आणि त्याच हातांनी मी मराठी घरांत चांगल्या पेनींची वाट लागलेली पाहिली आहे. काळसर छटा ही घाण नव्हे, चांदीचं वय आहे, आणि अक्षरं तिच्यामुळेच उठून दिसतात. माती असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, दिवसाआड पाणी बदला, मऊ कापडावर टेकवून सुकवा. इतकंच. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या खिशात ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकटा सुटतो. आम्लविरहित कागदाचं पाकीट बरं. विक्रेत्याची जुनी चिठ्ठी असेल तर ती नाण्याइतकीच जपा. तुमच्या पाकिटावर ‘दुसरा हेन्री’ लिहिलंय ते चूक असलं तरी फाडू नका, मागे तुमची नोंद तारखेसह लिहा.

कायद्याचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली, म्हणजे जमिनीत सापडलेल्या खजिन्याच्या कायद्याखाली, एकाच जागी सापडलेली तीनशे वर्षांहून जुनी चांदीची दोन किंवा अधिक नाणी कळवावी लागतात. एकटं नाणं सहसा त्यात येत नाही, पण त्याची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेकडे व्हायला हवी. तिचा लाखो वस्तूंचा संग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो, आणि ओळखायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. ११८० पूर्वीच्या नाण्यांसाठी केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाची यादी आहे. ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली वस्तू बाहेर नेताना निर्यात परवान्याचे नियम लागतात, ते आधी विचारून घ्या. तुम्ही पुण्याला परतताना संग्रह नेणार असाल तर हेही ध्यानात ठेवा की भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. मेळ्यात दाखवायला म्हणून सहज ने-आण करण्याची ती वस्तू राहत नाही.

सुरुवात कुठून करावी याबद्दल माझं ठाम मत आहे. ‘प्रत्येक राजाचं एक’ अशी यादी धरू नका. त्यात पैसे लवकर संपतात, कारण मॅटिल्डा, तिसरा रिचर्ड अशा जागा प्रचंड महाग आहेत, आणि डोळा तयार होत नाही, कारण एकसारखं काही शेजारी-शेजारी येतच नाही. त्याऐवजी पहिल्या एडवर्डच्या पेनी टाकसाळींप्रमाणे घ्या. लंडन आणि कँटरबरी सगळीकडे मिळतात, मग डरहॅम, बरी, ब्रिस्टॉल, यॉर्क, न्यूकॅसल, लिंकन. बेरविकची जरा वेगळी, स्थानिक हाताची, ती ओळखायला मजा येते. साधी स्थिती चालत असेल तर यातली बरीच शंभर पौंडांच्या आत येतात. आठ-दहा झाल्या की त्याच राजाचा मुकुट कसा बदलत गेला ते कुणी न सांगता दिसू लागेल. किंवा आता शॉर्ट क्रॉस हातात आलाच आहे तर त्याच वाटेने जा. कोलचेस्टरला १९०२ मध्ये शिशाच्या भांड्यात निघालेला एकच साठा दहा हजारांहून अधिक शॉर्ट क्रॉस पेनींचा होता, इतकं हे नाणं विपुल पाडलं गेलं. त्यामुळे अभ्यासाचं साहित्य भरपूर आहे.

तुमच्या नाण्याचं एक काम राहिलंय. जॉनच्या काळात लंडनला विलेल्म नावाचे एकाहून अधिक टाकसाळवाले एकाच वेळी होते. गोंधळ नको म्हणून त्यांच्या नावापुढे एक अक्षर जोडलं जाई, ‘विलेल्म बी’, ‘विलेल्म एल’, ‘विलेल्म टी’. तुमच्या फोटोत ‘विलेल्म’ आणि ‘ऑन’ यांच्या मधली जागा पुसट उठली आहे. रात्री खोलीतले दिवे बंद करा, एकच टॉर्च टेबलाच्या पातळीत, नाण्याच्या जवळजवळ समांतर धरा, आणि नाणं हळूहळू फिरवा. एका कोनात त्या जागेवर सावली पडेल. आडवी रेघ वर असेल तर टी, खाली असेल तर एल, दोन पोटं दिसली तर बी. काहीच नसेल तर नुसता विलेल्म. जे दिसेल त्याचा त्याच उजेडात फोटो काढून पाठवा.